चिकानो स्टडीज शिकायचंय, पण घरी काय सांगू?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका वीस वर्षांची आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात, घरी बागायती ऊस. वडील शेती बघतात, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर ती कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते आहे. सध्या दुसरं वर्ष. तिथे पदवीसाठी एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वंशसमूहांच्या अभ्यासाचा, एक कोर्स सक्तीचा असतो. वेळापत्रकात बसला म्हणून तिने चिकानो आणि लॅटिनो स्टडीजचा (अमेरिकेतल्या मेक्सिकन आणि लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांच्या अभ्यासाचा) वर्ग घेतला आणि ती त्यात गुंतत गेली. आता संख्याशास्त्र सोडून हाच विषय मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून घ्यावा असं तिला वाटतं. घरी अजून सांगितलेलं नाही. कॅलिफोर्नियातच फ्रीमाँटला राहणारी आत्या म्हणते, "दुसऱ्यांचा इतिहास शिकायला एवढे पैसे घालून आलीस का?" वर्गातल्या एका मेक्सिकन-अमेरिकन मुलीने तिला सरळ विचारलं, "तू हा विषय का घेतलास?" त्यावर ती म्हणाली, "आम्हीही शेतकरीच आहोत, आमच्यावरही गोऱ्यांनी राज्य केलं, म्हणून मला हे माझं वाटतं." ती मुलगी काहीच बोलली नाही. तेव्हापासून पत्रलेखिकेला प्रश्न पडलाय: हा विषय शिकायचा आपल्याला हक्क तरी आहे का? आणि असला तरी परवडेल का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

व्हिसा, कर्ज, आत्या यांच्याकडे येतेच. आधी मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य हातात घ्यायचंय, कारण बाकीचा गुंता त्याच्याभोवती आहे. "आम्हीही शेतकरीच आहोत."

तुझ्या वर्गात 'एल कोर्तितो'बद्दल बोलणं झालं असेलच. आखूड दांड्याची कुदळ. लेट्यूस आणि बीटची विरळणी करायला कॅलिफोर्नियातले शेतमालक मजुरांच्या हाती हीच कुदळ द्यायचे. लांब दांड्याने काम नीट होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दांडा आखूड म्हणजे माणूस दिवसभर कमरेत दुमडलेला, आणि पाठ सरळ करायला कुणी उभं राहिलं की मुकादमाला लांबूनच दिसायचं. पाठीचे मणके झिजलेल्या मजुरांच्या वतीने वकील कोर्टात गेले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, तेव्हा कुठे १९७५ साली कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली. त्याआधी १९४२ ते १९६४ अशी बावीस वर्षं ब्रासेरो योजना चालली. मेक्सिकोतून करारावर मजूर आणायचे, हंगाम संपला की परत पाठवायचे. असे ४५ लाखांहून जास्त करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले दहा टक्के 'बचत' म्हणून कापून घेतले जात, आणि कित्येकांना ते पैसे कधी मिळालेच नाहीत.

आता तुझ्या घरचं रान डोळ्यांसमोर आण. कारखाना सुरू झाला की टोळी येते. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडची माणसं, मुकादमाकडून उचल घेऊन आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. रानाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, लहान मूल बांधावर झोपलेलं असतं, जरा मोठी पोरगी शाळा सोडून त्याला सांभाळत असते.

या चित्रात तुझं घर कुठे आहे, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या घरी कुणी शेतात राबलं असेल, तर त्या माणसाची जागा कोपीत आहे. तुझ्या आजोबांची बांधावर.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुझ्या वडिलांचं रान आणि कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या कंपन्यांची हजारो एकरांची शेती यांची बरोबरी होत नाही. ऊसबिलातून तोडणी-वाहतूक कापून हातात काय उरतं, हे तू घरी लहानपणापासून ऐकलं असशील. तुझं घरही कुणाच्या तरी हिशोबावरच चालतं. तरीही मजुराची गोष्ट ऐकून "ही माझीच" म्हणण्याआधी, आपण त्या गोष्टीत नेमके कुठे उभे आहोत हे बघावं लागतं. तुला हा विषय मनापासून भिडला तो बहुतेक याच ठिकाणी. उसाच्या रानात जे रोज समोर होतं आणि कुणी कधी विषय म्हणून मांडलं नव्हतं, ते परक्या देशातल्या वर्गात, परक्या लोकांच्या तोंडून तुला ऐकू आलं. ती ओढ खरी आहे. तिला 'आपण सारखेच' हा आधार द्यायची गरज नाही, आणि तो आधार टिकणारही नाही.

ती मुलगी का गप्प बसली, ते मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. कदाचित तिला राग आला असेल, कदाचित तास सुरू होत होता. पण या वर्गांमध्ये अनेक मुलं अशी असतात की आपल्या आजीने कुठल्या मळ्यात काम केलं, हे घराबाहेर पहिल्यांदा त्यांना तिथेच ऐकायला मिळतं. त्यांनी "तू इथे का?" विचारलं, तर त्यात हाकलून देण्याचा भाव असतोच असं नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर खरं ते सांग: आमच्या घरी ऊस आहे, तो तोडायला लांबून माणसं येतात, या वर्गात बसल्यापासून मला त्यांच्याबद्दल प्रश्न पडायला लागलेत. हे उत्तर द्यायला अवघड आहे, पण त्यातून पुढे बोलणं होऊ शकतं.

हक्काचं म्हणशील, तर या विषयाचा जन्म कसा झाला ते बघ. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतली हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मोडकळीला आलेल्या शाळा, स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा, आणि कॉलेजऐवजी हाताच्या कामाकडे ढकलणारे शिक्षक, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. त्याच वर्षी कॅल स्टेट लॉस एंजेलिस या सरकारी विद्यापीठात देशातला या विषयाचा पहिला विभाग उभा राहिला. नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात संप सुरू झाला तो काळ्या, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन केलेला, आणि मार्च १९६९ पर्यंत चालला. त्यातून एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज मिळालं. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बराला विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि चिकानो स्टडीज कसं असावं याचा आराखडा त्यांनी लिहून काढला. विद्यापीठात जमवलेलं ज्ञान वस्तीच्या उपयोगी पडलं पाहिजे, हा त्या आराखड्याचा गाभा. मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी 'चिकानो' हे नाव अभिमानाने घेतलं तेही याच काळात.

म्हणून दारात कुणी तुझी जात-वंश विचारून अडवणार नाही. पण आत आल्यावर तू इथलं काय घेणार आणि कुणाला काय परत करणार, हे विचारतील, आणि विचारायलाच हवं.

आता आत्याकडे वळू. त्यांना उलट उत्तर देऊ नकोस. परदेशात पाय रोवायला त्यांनी जे सोसलं असेल, त्याची धास्ती त्या बोलण्यात आहे. पण "दुसऱ्यांचा इतिहास" हे मात्र खरं नाही, आणि का नाही ते त्यांना शांतपणे सांग.

१९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना अमेरिकेत स्थायिक व्हायची मुभा होती. नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण बदललं, आणि १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला हा कोटा गेला. भारतातून डॉक्टर, इंजिनिअर जाऊ लागले ते त्यानंतर. आजच्या मराठी मंडळांची मुळं तिथे आहेत. पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. मेक्सिकोसह अमेरिका खंडातल्या देशांवर तोवर आकड्याची मर्यादा नव्हती. ती पहिल्यांदा घातली गेली: सगळ्यांना मिळून वर्षाला १,२०,०००. ब्रासेरो योजना त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती. शेतांना मजूर हवे होते, माणसं वर्षानुवर्षं येत होती, आणि एकाएकी त्यांच्या येण्याला कागद उरला नाही. आज ज्यांना 'बेकायदा' म्हणतात त्यांच्या गोष्टीचा मोठा भाग इथून सुरू होतो. आपल्यासाठी दार उघडणारा आणि त्यांच्यासाठी अरुंद करणारा कायदा एकच होता. आत्या कॅलिफोर्नियात राहतात, तेव्हा हा इतिहास त्यांच्या पत्त्याचाही आहे.

त्याच्याही आधीचं हवं असेल, तर कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतली पंजाबी-मेक्सिकन कुटुंबं आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पंजाबी शेतकऱ्यांना बायका-मुलं आणता येत नव्हती. १९१३ च्या कायद्यामुळे आशियाई माणसांना कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती, गोऱ्या बाईशी लग्न करायलाही कायद्याची आडकाठी. त्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार मांडले. मुलांची नावं स्पॅनिश, आडनाव सिंग. आणि १९६५ चा कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांतला संप आधी फिलिपिनो मजुरांनी पुकारला, आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यात उतरले. तिथल्या रानांत कुणा एका समाजाची गोष्ट एकटी सापडत नाही.

वडिलांना सांगायला पांडुरंग खानखोजे कामी येतील असं तू लिहिलंयस. जरूर सांग. वर्ध्यात जन्मलेला, गदर चळवळीतला हा माणूस मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवतो, मक्यावर संशोधन करतो, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढतो आणि मेक्सिकोचा नावाजलेला चित्रकार दिएगो रिवेरा त्याला भित्तिचित्रात रंगवतो, हे कुठल्याही मराठी शेतकऱ्याला ऐकायला आवडेल. पण खानखोज्यांचं काम मेक्सिकोतलं. तुझा विषय अमेरिकेत राहणाऱ्यांचा. आणि तुझ्या निर्णयाला कुणा थोर माणसाची शिफारस लागत नाही.

आता मला तुझ्या आणखी एका गृहीतकाबद्दल बोलायचंय. पत्रभर तू संख्याशास्त्राला "कर्जाचा विषय" आणि चिकानो स्टडीजला "माझा विषय" म्हटलंयस. एक सोडल्याशिवाय दुसरा मिळणार नाही, असं तू धरून चालली आहेस. मला हे पटत नाही.

अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश म्हणून नोंदवला गेला. मेक्सिकन-अमेरिकनांनी आणि मेक्सिकोच्या सरकारने विरोध केला, आणि १९४० मध्ये तीच माणसं पुन्हा 'गोरी' म्हणून मोजली गेली. १९७० मध्ये स्पॅनिश मूळ आहे का, हा प्रश्न फक्त नमुन्यातल्या थोड्या घरांना विचारला. १९८० पासून तो सगळ्यांना विचारला जाऊ लागला, तोही दबाव आल्यावर. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या ६.२ कोटींच्या घरात भरली आणि कॅलिफोर्नियात तो सगळ्यात मोठा समाज ठरला. शाळांना पैसा किती, मतदारसंघाची रेघ कुठून, दवाखाना कुठे, हे सगळं या मोजणीवर ठरतं. कोण मोजलं जातं, कोणत्या रकान्यात, कोण सुटून जातं, हा या विषयातला जुना आणि जिवंत प्रश्न आहे, आणि त्यावर काम करायला संख्याशास्त्र आलेली माणसं लागतात. अमेरिकेचं कामगार खातं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतमजुरांचं सर्वेक्षण करतं. त्याची माहिती लोकांसाठी खुली आहे. पुढच्या सुट्टीत ती उतरवून घे आणि तुझ्या वर्गातला एखादा प्रश्न तिला विचारून बघ. उन्हाचा घे: शेतावर सावली, पाणी आणि विश्रांती दिलीच पाहिजे असा नियम कॅलिफोर्नियाने २००५ साली केला, तो खरंच पाळला जातो का?

हेच आपल्याकडे आणून बघ. महाराष्ट्रात ऊसतोड कामगार नेमके किती, यावर अहवालांचं एकमत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला की बाई आकड्यातून पुसली जाते. हे तुला दिसतं, कारण तू ते रान पाहिलंयस आणि मोजायला शिकते आहेस. यातलं एक सोडून दुसऱ्याकडे गेलीस, तर हे दिसणं अर्धं राहील.

तेव्हा माझं मत विचारशील तर, मेजर बदलू नकोस. दुसरं जोड. डबल मेजर.

आता व्हिसाचं. तुझ्यासारख्या इतर मुलामुलींनीही हा भाग नीट वाचावा. मी लिहिते तेव्हाचे नियम असे आहेत: एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम करायची मुभा. पदवी सरकारच्या 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. संख्याशास्त्र त्या यादीत आहे, चिकानो स्टडीज नाही. विषय पूर्ण बदललास तर पदवीनंतर हातात एक वर्ष, नाही बदललास तर तीन. कर्जाच्या हप्त्यांच्या हिशोबात हा फरक फार मोठा आहे. एकाच पदवीत दोन्ही मेजर पूर्ण केलेस आणि आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कागदावर, संख्याशास्त्राची नोंद असली, तर ती वाढीव मुदत संख्याशास्त्राच्या जोरावर मागता येते. मात्र त्या काळातली नोकरी संख्याशास्त्राशी थेट जोडलेली लागते. चिकानो स्टडीज मेजर आणि संख्याशास्त्र नुसतं मायनर (दुय्यम विषय), असं केलंस तर ही सोय नाही. अनेकांचा इथेच घोटाळा होतो. हे नियम बदलण्याच्या हालचाली सतत चालू असतात, म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा. तुझ्या आय-२० ची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना भेट आणि उत्तर ईमेलवर लेखी घे. मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबून राहू नकोस.

डबल मेजरला किती युनिट जास्त लागतील, हे दोन्ही विभागांच्या सल्लागारांना एकाच आठवड्यात भेटून काढ. एकच कोर्स दोन्हीकडे धरला जातो का, हा प्रश्न आवर्जून विचार. आणखी एक सत्र वाढणार असेल तर बाहेरच्या विद्यार्थ्याची फी, भाडं आणि विमा धरून त्याचा खर्च मांड. हा खर्च झेपण्यासारखा नसेल, तर संख्याशास्त्र मेजर आणि चिकानो स्टडीज मायनर यातही कमीपणा नाही. आणि मेजर बदललं किंवा जोडलं तर कर्ज देणाऱ्या बँकेला कळवावं लागतं का, हे मंजुरीपत्रात बघून घे. कर्ज विशिष्ट अभ्यासक्रमासाठी दिलेलं असतं, आणि मुदत वाढली तर हप्त्यांची तारीखही हलते.

पुढच्या सत्रापासून स्पॅनिश सुरू कर. या विषयाचं वाचन बरंचसं इंग्रजीत होतं, त्यामुळे भाषेशिवाय पदवी मिळूनही जाईल. पण म्हाताऱ्या मजुराशी बोलायचं तर दुभाष्या घेऊन किती बोलशील? घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचे वर्ग वेगळे असतात, तू नवशिक्यांच्या वर्गात बस. आणि तेवढ्याने सगळं कळेल असंही समजू नकोस. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेल्या अनेक शेतमजुरांची मातृभाषा मिश्तेक किंवा सापोतेक आहे, स्पॅनिश त्यांनाही शिकावी लागते, आणि त्यांना हिणवणारे कधी कधी मेक्सिकनच असतात. प्वेर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा. यादवी युद्धातून पळून आलेल्या एल साल्वादोर देशातल्या कुटुंबांचा वेगळा. बायकांनी भांडून विभागांच्या नावात 'चिकाना' हे स्त्रीलिंगी रूप आणलं. लॅटिनो म्हणजे एकजिनसी समाज नव्हे, हे तुला पहिल्या वर्षातच दिसलं असेल.

उतरंडीचा विषय निघाला की एक दिवस तुलाही तुझ्या उतरंडीबद्दल विचारलं जाईल. कॅल स्टेट विद्यापीठांनी जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख घातला, तो तिथल्या दलित विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यामुळे. वंशभेदावर तावातावाने निबंध लिहायचा आणि जातीचं नाव निघालं की "आमच्या पिढीत नाही हो" म्हणायचं, असं मराठी मुलांकडून होतं. तू ते करू नयेस असं मला मनापासून वाटतं.

वस्तीत जाऊन काम करणं हा या अभ्यासक्रमांचा भाग असतो. तिथे दोन गोष्टी सांभाळ. पहिली तुझी: जे काम एरवी पगार देऊन करून घेतात, ते फुकट केलं तरी व्हिसाच्या नजरेत नोकरी ठरू शकतं. स्वयंसेवक म्हणून जाण्याआधीही विचारून घे. दुसरी त्यांची: तुझ्याशी बोलणाऱ्यांपैकी काहींकडे कागदपत्रं नसतील. कुणाचं नाव, गाव, कामाचं ठिकाण, फोटो तुझ्या फोनमध्ये किंवा सोशल मीडियावर असू नये. मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाची संशोधन-परवानगी आधी काढ आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवायचं ते प्राध्यापकांशी ठरव. तुझ्या एका उत्साही पोस्टची किंमत दुसऱ्याचं घर मोजेल, असं होऊ देऊ नकोस.

मोर्च्यांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. २०२५ मध्ये आंदोलनांत बोलल्या-लिहिल्यामुळे काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसे गेले. त्याच वर्षी जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं गेलं. तुझ्या वर्गमैत्रिणी रस्त्यावर उतरतील तेव्हा तुझ्या आणि त्यांच्या जोखमीत फरक असेल. जायचं की नाही ते तूच ठरव, पण ठरवून जा, कुणी ओढलं म्हणून नको. आणि नाही गेलीस तर अपराधी वाटून घेऊ नकोस. आकडे तपासून देणं, जुनी कागदपत्रं लावणं, पोरांना गणित शिकवणं यांनाही तिथे माणसं लागतात. हा विषय स्वतःच संकटांतून गेलेला आहे. अ‍ॅरिझोनात २०१० मध्ये कायदा करून टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन स्टडीजचा कार्यक्रम बंद पाडला गेला. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने त्यामागे वांशिक आकस होता असा निकाल दिला. सात वर्षं लागली.

पुढे काय, याचं उत्तर मी गोड करून देणार नाही. नुसत्या या पदवीवर व्हिसा प्रायोजित करणारी नोकरी मिळणं कठीण आहे. कॅलिफोर्नियाच्या शाळांत हा विषय शिकवायचा तर शिक्षक-परवाना लागतो, आणि परदेशी माणसासाठी कागदपत्रांचा खटाटोप करणाऱ्या शाळा थोड्या. पण संख्याशास्त्राची जोड असली की सार्वजनिक आरोग्य, कामगार, स्थलांतर, मतदान या क्षेत्रांतल्या संशोधन संस्थांची दारं उघडतात. संशोधनाकडे वळावंसं वाटलं तर पीएचडीचा विचार कर. सांता बार्बराच्या विद्यापीठात या विषयात पीएचडी करता येते, इतरत्र समाजशास्त्र किंवा इतिहासातून करता येते. जे वाचक भारतातून थेट एमए किंवा पीएचडीसाठी अर्ज करायच्या विचारात आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं: या विषयाच्या पीएचडीसाठी कर्ज काढू नका. फी माफ आणि शिकवण्याच्या कामाचा पगार असेल तरच जा. एमएला असा पैसा क्वचित मिळतो, म्हणून दहादा विचार करा. दिल्लीत जेएनयूमध्ये स्पॅनिश आणि लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासाची केंद्रं आहेत. आधी तिथे दोन वर्षं काढून मग अर्ज केला तरी काही बिघडत नाही.

राहिलं घर. तू लिहितेस, "बाबांना कळणारच नाही." मला वाटतं, ज्या माणसाने घर तारण ठेवून तुला इतक्या लांब पाठवलं, त्याला कळणार नाही असं आधीच ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लपवू मात्र नकोस. गुणपत्रिकेवर एक दिवस दिसेलच, आणि मग विषयापेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होईल.

फोन करण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून घे: डबल मेजरने वाढणारा खर्च, आणि पदवीनंतर किती महिन्यांनी पहिला हप्ता सुरू होतो. संख्याशास्त्र सोडत नाहीस, हे पहिल्या मिनिटात सांग, म्हणजे पुढचं त्यांना ऐकू येईल. मग एल कोर्तितोची गोष्ट सांग. ब्रासेरोंच्या दहा टक्क्यांची सांग. आणि त्यांना विचार, आपल्याकडे येणाऱ्या टोळीचा मुकादम कोण, तो उचल किती देतो, हंगाम संपताना कुणाच्या अंगावर किती बाकी राहते. ही माहिती त्यांच्याकडे तुझ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त आहे. आई फोनवर असेल तर तिलाही विचार, टोळीतली मुलं तिच्या शाळेत येतात का, आली तर त्यांचं नाव कोणत्या हजेरीत लागतं.